तीन नंबर माझ्याशिवाय चालत नाही

३ मार्च, सोमवार. सकाळी ६.१०

आजपासून रोजनिशी. स्टेशनबाहेर घेतलेल्या मॅनेजमेंटच्या पुस्तकात, पान नऊवर, म्हटलंय की मोठी माणसं रोज लिहितात. वही कुणाला दाखवायची नाही, गादीखाली ठेवायची. खोलीत आम्ही सहा जण, पण माझी गादी उचलून बघण्याची कुणाची हिंमत नाही.

रोजनिशीला कारणही तसंच मोठं आहे. कंपनी नवा कारखाना काढतेय, आणि तो थेट हुनानमध्ये, आमच्या तालुक्यात! माझ्या घरापासून अकरा किलोमीटर. तिथे एक उपव्यवस्थापक हवाय आणि तो इथल्याच, म्हणजे झोंगशानच्या लोकांतून निवडायचा. प्लँट मॅनेजर गुआन साहेबांनी नोटीस लावलीय. शेन्झेनहून तज्ज्ञ मंडळी येणार आणि आमच्यापैकी कुणाच्या अंगात मॅनेजर दडलाय ते शोधणार. यादीत आठ नावं. माझं दुसरं. पहिलं असतं, पण यादी खात्यांप्रमाणे लावलीय.

शोधायचं काय त्यात? तरी त्यांची पद्धत असेल तर असो.

चौदा वर्षं इथे काढली. मिन (मुलगी, वय अकरा) जन्मल्यापासून तिला एकूण किती दिवस पाहिलं, ते काल बोटांवर मोजायला बसलो. मग सोडून दिलं.

संकल्प: रोज सहाला उठणं. कामगारांवर न ओरडणं. पुस्तक या महिन्यात पुरं.

४ मार्च, मंगळवार

सहा पन्नासला उठलो. लोउवर ओरडलो. पण त्याला ओरडणं म्हणता येणार नाही. मशीनच्या आवाजात मार्गदर्शन जरा मोठ्यानंच करावं लागतं.

लोउ म्हणजे माझा उजवा हात. गुआंगशीचा, एकेचाळीस वर्षांचा, नऊ वर्षं माझ्या हाताखाली. माणूस गुणी, पण पुढाकार शून्य. मी नसलो तर काय करेल, देव जाणे.

जेवणाच्या सुट्टीत शुएलियानला फोन केला. तिची तिकडे शेवयांची गाडी आहे, दुपारी गिऱ्हाईक असतं, त्यामुळे तिचं अर्धं बोलणं मला आणि अर्धं वाडग्यांना. मी बातमी सांगितली. म्हणाली, तू घरी येतोयस हे मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मिन रांगत होती. मी म्हटलं, या वेळी नक्की. म्हणाली, बरं बाबा, मग येताना छत्री आण, माझी मोडलीय.

बायकांना व्हिजन नसते. (पान अकरा.)

७ मार्च, शुक्रवार

फॉर्म आले. बावीस प्रश्न. पैकी एकवीस किरकोळ. चौदावा मात्र माझ्यासाठीच काढल्यासारखा: 'तुमच्या गैरहजेरीत तुमचं काम कोण सांभाळू शकेल?' खाली एक ओळ मोकळी.

मी लिहिलं, कुणी नाही. अर्धी ओळ उरली म्हणून पुढे लिहिलं, तीन नंबर माझ्याशिवाय चालत नाही. दोनदा अधोरेखित केलं.

कँटीनमध्ये शेजारी चुनमेई बसली होती. चार नंबर लाईनची सुपरवायझर, एकोणतीस वर्षांची, गुइझोऊकडची, तोंडानं चुरचुरीत. तिनं त्या एका ओळीत बारीक अक्षरात सात नावं बसवली होती आणि आठवं मावत नव्हतं. मला कीव आली. मोठ्या भावासारखं समजावलं की पोरी, तुझं काम सात जणांना येतं असं लिहिलंस तर कंपनी म्हणेल, मग तुझी गरजच काय? ती म्हणाली, पण कुआंगदादा, येतं ना त्यांना. मीच शिकवलंय.

एक स्पर्धक आजच बाद झाला. वाईट वाटलं. थोडंच.

१० मार्च, सोमवार

तीन नंबरबद्दल लिहून ठेवावं. मी मॅनेजर झाल्यावर कुणी विचारलं तर तपशील हाताशी हवा.

भाताच्या कुकरची प्लास्टिकची झाकणं बनवणारं हे मशीन कारखान्यातलं सर्वांत जुनं. हवा पालटली, माल पालटला की झाकणावर पांढरी रेघ उमटायला लागते. इंजिनिअर येतात, बटणं दाबतात, कपाळाला हात लावतात. मग मला बोलावणं येतं. मशीनच्या मागे, पत्र्याखाली, साच्यात पाणी खेळवणारा एक कॉक आहे. तो पाव फेरी आवळायचा. बस. तीन मिनिटांत रेघ गायब.

हे फक्त मला ठाऊक. माझे उस्ताद, शिआंग, यांनी मला सगळं शिकवलं पण हे नाही शिकवलं. जुन्या माणसांची रीतच ती, शेवटची किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची. मी पोत्यांच्या थप्पीआडून चार महिने बघून शिकलो. मी त्यांच्यापेक्षा सावध आहे. कॉकला हात लावण्याआधी लोउला माझा थर्मास देऊन गरम पाणी आणायला पाठवतो. नऊ वर्षं हा नियम मोडलेला नाही. दिवसातून कधी कधी चारदा पाठवतो. लोउ एका शब्दानं विचारत नाही की एवढं पाणी पिता तरी कुठे.

म्हटलं ना, जिज्ञासा नाही.

११ मार्च

उठलो नाही. म्हणजे सहाला नाही.

१८ मार्च, मंगळवार

तज्ज्ञ मंडळी आली. प्रमुख फांग मॅडम, पस्तिशीच्या, केस आखूड, हातात सतत वही. माझ्याकडे बघून त्यांनी काहीतरी लिहिलं. अजून मी तोंड उघडलं नव्हतं.

पहिली परीक्षा गटचर्चेची. आम्ही आठ जण एका बोटीवर, बोट बुडतेय, पंधरापैकी पाच वस्तू वाचवायच्या. कुठल्या, ते चाळीस मिनिटांत एकमतानं ठरवा. फांग मॅडम कोपऱ्यात बसल्या.

मी वयानं सर्वांत मोठा, सेहेचाळीस. मोठ्यानं शेवटी बोलायचं, नाहीतर धाकट्यांना त्याचं म्हणणं खोडता येत नाही. त्यामुळे मी गप्प बसलो. धाकट्यांनी मोठ्याच्या आधी बोलायचं नसतं, त्यामुळे तेही गप्प बसले. वातावरण फार शिस्तीचं होतं. मी सगळ्यांना चहा ओतला. सगळ्यांनी टेबलावर दोन बोटं वाजवून आभार मानले. बारा मिनिटं झाली.

मग चुनमेई म्हणाली की कुआंगदादा, चहा झकास आहे, पण बोट बुडतेय.

यावर लोक हसले आणि जो काही गलका सुरू झाला! ती एकेकाला विचारत होती, तुला काय वाटतं, तुला काय वाटतं. म्हणजे तिला स्वतःला काहीच सुचत नव्हतं. मी समारोपाचं भाषण मनात जुळवत होतो. तीन मुद्दे आणि एक आठवण. इतक्यात घंटा वाजली.

चाळीस मिनिटांत मी एकच वाक्य बोललो: आणखी चहा? पण नेता कमीच बोलतो.

१९ मार्च, बुधवार

घरून आलेलं धुरावलेलं डुकराचं मांस, दोन किलो, लाल कागदात बांधून फांग मॅडमना द्यायला गेलो. लाच नव्हे, आमच्याकडचा पाहुणचार. त्या नको म्हणाल्या. पहिल्यांदा नको म्हणायचंच असतं. मी पुन्हा पुढे केलं. पुन्हा नको. तेही रीतीला धरूनच. तिसऱ्यांदा त्यांनी दारच लावून घेतलं. मी पुडकं कडीला अडकवून आलो.

दुपारी गेटवरच्या शिपायानं ते मला परत आणून दिलं आणि सही घेतली. बाई चांगल्या वळणाच्या आहेत. चार वेळा नको म्हणणारे आता कुठे भेटतात?

२० मार्च, गुरुवार

उद्या प्रत्यक्ष काम पाहणार. प्रत्येकाच्या लाईनवर अर्धा तास. माझी वेळ दहाची.

नुसतं सुरळीत काम काय दाखवायचं? सुरळीत काम कुणाचंही चालतं. तीन नंबर अडलं पाहिजे, ऐन वेळी अडलं पाहिजे, आणि मी तिथे नसलो पाहिजे. योजना तयार आहे. साडेनऊला कॉक पूर्ण उघडायचा आणि कँटीनमध्ये जाऊन बसायचं.

माणसांना जरा सूचना दिल्या. फार नाही. एवढंच म्हटलं की उद्या कुणी आगाऊपणा करू नका. लोउ म्हणाला, काळजी नको उस्ताद, आम्ही आहोत ना, तुमची शान राखतो.

२१ मार्च, शुक्रवार. दुपारी १२.३०

विजय!

दहा वाजून सात मिनिटांनी लोउ कँटीनमध्ये धापा टाकत आला आणि चारशे लोकांना ऐकू जाईल अशा आवाजात ओरडला, उस्ताद, चला, तुमच्याशिवाय काही खरं नाही! एवढा आवाज त्याच्यात आहे हे मला नऊ वर्षांत कळलं नव्हतं.

मी चहा संपवला. सावकाश गेलो. तीन नंबरभोवती माझी अकराच्या अकरा माणसं हाताची घडी घालून उभी, चेहरे पडलेले. टेबलावर रेघवाल्या झाकणांचा ढीग. गुआन साहेब घड्याळ बघत होते. फांग मॅडम लिहीत होत्या. मी लोउच्या हाती थर्मास दिला, बाकीच्यांना पाच पावलं मागे सारलं आणि पत्र्याआड गेलो. तीन मिनिटं. पुढचं झाकण निघालं ते आरशासारखं.

टाळ्या पडल्या. फांग मॅडमनी माझ्या माणसांना विचारलं की हे तुमच्यापैकी आणखी कुणाला जमतं का? अकरा जण एका सुरात म्हणाले, छे, छे, उस्तादांशिवाय कुणाला नाही. मॅडमनी पुन्हा विचारलं, नक्की? एकालाही नाही? लोउ तोवर भरलेला थर्मास घेऊन आला होता. तो म्हणाला, बाई, आम्ही कोण, आम्ही नुसते हमाल.

मला भरून आलं. मॅडम पुढची पाच मिनिटं नुसत्या लिहीत होत्या.

३१ मार्च, सोमवार

निकाल अजून नाही. पण ती नुसती औपचारिकता, थांबण्यात अर्थ नाही, म्हणून आवराआवर सुरू केली. खालचा बंक वँग नावाच्या नव्या माणसाला दिला. पंखा, बादली आणि मच्छरदाणीही त्यालाच. मी तात्पुरता वरच्या बंकवर. छत नाकापासून दोन विती आहे. महिन्याचा प्रश्न.

मिनशी बोललो. एक जूनला बालदिनाचा कार्यक्रम, शाळेत नाच आहे, ती पहिल्या ओळीत. मी म्हटलं, बाबा पहिल्या रांगेत बसणार. ती म्हणाली, किती दिवसांसाठी येणार? म्हटलं, वेडे, कायमचाच. ती म्हणाली, मग मी आईला सांगते तुमच्यासाठी एक खुर्ची घ्यायला, आपल्याकडे दोनच आहेत.

१४ एप्रिल, सोमवार

गुआन साहेबांनी बोलावलं. नवा शर्ट घालून गेलो.

साहेब म्हणाले, कुआंग, तुमचा अहवाल सगळ्यांत वेगळा आहे. मी रीतीप्रमाणे मान खाली घातली आणि म्हटलं, नको साहेब, माझी लायकी काय, ही जबाबदारी दुसऱ्या कुणाला द्या. अशा वेळी असंच म्हणायचं असतं. मग समोरच्यानं आग्रह करायचा, मग आपण पुन्हा नको म्हणायचं.

साहेब म्हणाले, शाबास, तुम्हीच समजून घेतलंत, माझं काम सोपं झालं. आणि खुर्चीतून उठले.

चुनमेई जातेय. चुनमेई!

अहवालाची एक प्रत मला दिलीय. त्यातलं वाक्य उतरवून घेतो: 'या सुपरवायझरच्या जागी काम करू शकेल असा एकही माणूस विभागात तयार नाही. त्यांना हलवल्यास लाईन थांबेल. सध्याच्या जागेवर अपरिहार्य.' चुनमेईबद्दल काय लिहिलं तेही साहेबांनी सांगितलं. हिला आज हलवलं तरी लाईन चालू राहील.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा छाती फुगली. अपरिहार्य! आठ जणांत हा शब्द फक्त माझ्या वाट्याला आलाय. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हाही बरं वाटलं. तिसऱ्यांदा वरच्या बंकवर पडून वाचलं, तेव्हा छत फार जवळ आल्यासारखं वाटलं.

१५ एप्रिल, मंगळवार

शुएलियानला सांगितलं की कंपनीला मला सोडणं परवडत नाही. ती म्हणाली, मला परवडतं का ते तू चौदा वर्षांत कधी विचारलं नाहीस. मग म्हणाली, खुर्ची आणलीय, परत घेत नाहीत.

वँगकडे बंक परत मागा, असं लोउ सुचवत होता. मी दिलेली वस्तू परत मागत नाही. शिवाय तो झोपला होता.

२० एप्रिल, रविवार

चुनमेई गेली. तिच्या लाईनच्या पोरींनी रडून गेट डोक्यावर घेतलं आणि सोमवारसाठीची पाळी तिथेच गेटवर आपापसांत ठरवून टाकली. ती मला भेटायला आली होती. म्हणाली, कुआंगदादा, ही जागा तुमची होती, मला तुमचं गाव नकाशात शोधावं लागलं. वहिनींना काही द्यायचं आहे का? दुसरं काही नव्हतं म्हणून लाल कागदातलं मांस दिलं. शुएलियाननंच पाठवलेलं ते.

२२ एप्रिल, मंगळवार

मांस घरी पोचलं.

१६ मे, शुक्रवार

तीन दिवसांच्या रजेचा अर्ज केला, एकतीस मे ते दोन जून. मुलीचा नाच, असं कारणही लिहिलं. गुआन साहेबांनी अहवाल काढून माझ्यासमोर ठेवला आणि बोट ठेवून विचारलं की कुआंग, तुम्हीच सांगा, हवा पालटतेय, रेघ आली तर मी कुणाकडे जाऊ? मी म्हटलं, साहेब, रेघ येणार नाही. ते म्हणाले, लिहून देता?

लिहून कसं देणार? ती मीच कधी कधी आणतो.

माणसं तयार करा, असं मात्र म्हणाले. सहा महिन्यांत एक तरी तयार करा, मग बघू. संकल्प: उद्यापासून लोउला शिकवणं. सगळं शिकवणं. कॉक सोडून.

१९ मे, सोमवार

लोउला शिकवायला सुरुवात. दोन तास झडझडून शिकवलं. तो मन लावून ऐकत होता, मध्येच म्हणाला, हे तुम्ही मला नऊ वर्षांपूर्वीही सांगितलं होतं, उस्ताद. शेवटी मशीनच्या मागे काय असतं, असं त्यानं विचारलं. मी त्याला पाणी आणायला पाठवलं.

१ जून, रविवार

चुनमेईनं मोबाईलवर व्हिडिओ पाठवला. ती शाळेत गेली होती, शुएलियानच्या शेजारी बसून काढलाय. दोन मिनिटं अकरा सेकंद. मिन पहिल्या ओळीत, डावीकडून तिसरी, पिवळा झगा. तिला सगळ्या पायऱ्या येत होत्या. दोनदा तिनं फाटकाकडे पाहिलं. मी येणार नाही हे तिला सांगितलं होतं, तरी पाहिलं.

खाली चुनमेईनं लिहिलंय: दादा, मिन विचारत होती, बाबांचं मशीन आता बरं आहे का?

मी कळवलं, बरं आहे.

मला रडू आलं. लिहून ठेवतो, वही कुणी वाचत नाही. छत इतकं जवळ आहे की डोळे पुसायला हात नीट वाकवता येत नाही.

९ जून, सोमवार

अंगात ताप. तरी कामावर गेलो, अकरा वाजता लाईनवर बसकण मारली. लोउनं स्कूटरवरून दवाखान्यात आणलं. सलाईन लावलंय. उद्याही लावणार म्हणतात. गुआन साहेबांचा चेहरा पडला होता. मी म्हटलं, अडलं की फोन करा, मी बाटलीसकट येतो.

फोन उशाशी ठेवलाय. बाहेर पाऊस, हवा दमट. ही तर रेघेची हवा. आता येईल फोन.

१० जून, मंगळवार. दुपारी ३

फोन आला नाही. बॅटरी पुरेशी आहे. रेंजही आहे. नर्सबाईंना विनंती करून त्यांच्या मोबाईलवरून एकदा मला फोन करायला लावला. वाजला.

बहुधा लाईन इतकी ठप्प झाली असेल की कुणाला सुचतही नसेल. शेजारच्या खाटेवरच्या आजोबांना मी तीन नंबरची सगळी हकिकत सांगितली. ते म्हणाले, मग तू नसताना ते लोक खातात काय? चांगले श्रोते होते, अडीच वाजता घरी गेले.

५.४०. फोन नाही.

११ जून, बुधवार

परत गेलो. फळ्यावर दोन दिवसांचे आकडे: ठरल्यापेक्षा झाकणं दोनशे दहा जास्त. रेघवाली शून्य.

मी म्हटलं, रेघ आली नाही वाटतं. नशीब तुमचं. लोउ म्हणाला, आली ना, सोमवारी दुपारीच आली.

मी म्हटलं, मग?

लोउनं दोन्ही बाजूंना पाहिलं. मग माझ्या हातातला थर्मास काढून घेतला, खाली ठेवला आणि मला म्हणाला, बसा उस्ताद, अजून अशक्तपणा आहे. मी बसलो. तो म्हणाला, कॉक पाव फेरी. तुमचंच तंत्र.

१२ जून, गुरुवार

काल पुढचं लिहिता आलं नाही. आज लिहितो.

मी विचारलं, तुला कधीपासून माहीत? म्हणाला, पहिल्या महिन्यापासून. गरम पाण्याच्या टाकीचा नळ आहे ना, त्याच्यासमोर उभं राहिलं की मशीनची पाठ सरळ दिसते. तुम्ही मला दिवसातून चारदा तिथे उभं करत होता. दिसणार नाही तर काय?

बाकीच्यांना? म्हणाला, पाणी प्यायला सगळेच जातात.

म्हणजे अकराच्या अकरा. नऊ वर्षं.

मी जरा चढ्या आवाजात म्हटलं, मग त्या दिवशी बाईंनी विचारलं तेव्हा तोंडात काय बोळा होता? लोउला वाईट वाटलं. म्हणाला, असं काय बोलता उस्ताद? चार परके लोक, साहेब समोर, आणि आम्ही म्हणायचं की आम्हालाही येतं? तुमची इज्जत काय राहिली असती? शिआंग उस्ताद होते तेव्हा तुम्ही तरी कधी बोललात का, की मला येतं म्हणून?

नव्हतो बोललो. ते रिटायर होईपर्यंत नाही.

तो पुढे म्हणाला, खरं सांगू? तुम्ही गेलात तर बरंच होईल, असं आम्हाला वाटत होतं. तुमच्यासाठी, आणि थोडं आमच्यासाठीही. म्हणून तर एवढा बोंबललो कँटीनमध्ये. घसा बसला माझा.

१३ जून, शुक्रवार

नोटीस: नव्या कारखान्यात साचे विभागासाठी आणखी एक सुपरवायझर हवा. पगार आहे तोच, हुद्दा आहे तोच. फॉर्म सोमवारपर्यंत.

उपव्यवस्थापक व्हायला निघालेल्या माणसानं हा फॉर्म घ्यावा का, यावर पुस्तकात शोधलं. पुस्तक पान अकराच्या पुढे उघडलंच नव्हतं, पानं एकमेकांना चिकटलीत.

फॉर्म घेतला.

१५ जून, रविवार

प्रश्न तेच बावीस. एकवीस पटकन झाले. चौदाव्यापाशी सकाळ गेली. अपरिहार्य हा शब्द माझ्या आयुष्यात एकदाच कुणी माझ्यासाठी वापरलाय, आणि तो मी माझ्याच हातानं खोडायचा.

लोउ लिहिलं. मग एकट्याचं नाव लिहिणं बरं दिसेना. एका ओळीत मावेनात, पानाच्या मागे गेलो. अकरा नावं.

१६ जून, सोमवार

फॉर्म दिला. गुआन साहेबांनी पान उलटून नावं मोजली. म्हणाले, मार्चमध्ये एकही नव्हता. महिन्याभरात अकरा जण तयार केलेत? मी खोटं बोलणार होतो, जवळजवळ बोललोच होतो. मग म्हटलं, नाही साहेब, ते आधीपासूनच तयार होते.

साहेबांनी चष्मा काढला आणि शांतपणे विचारलं की अकरा जणांना तुमचं काम येतं, तर तुम्ही तिथे करता काय, कुआंग?

म्हटलं, साहेब, मी लोउला गरम पाणी आणायला पाठवतो.

ते हसले नाहीत. फॉर्म ठेवून घेतला, कळवतो म्हणाले. शुएलियानला अजून काही सांगितलेलं नाही. खुर्ची विकू नकोस, एवढंच सांगितलं.

दुपारी थर्मास घेऊन मी स्वतः नळापाशी गेलो. चौदा वर्षांत पहिल्यांदा. पाणी भरता भरता वर पाहिलं. मशीनची पाठ सरळ दिसते. पत्रा दिसतो, कॉक दिसतो. लोउ वाकून पाव फेरी आवळत होता. त्यानं मला पाहिलं आणि घाईघाईनं बाजूला होऊन कॉक माझ्यासाठी मोकळा ठेवला.